दातेरी सुरीला घरी धार लावणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रेडची लांब सुरी, टोमॅटोची छोटी सुरी, केकची सुरी अशा दाते असलेल्या पात्यांबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर प्रश्न ३ आणि प्रश्न ७ एवढे तरी वाचा. बाकीचे प्रश्न अडेल तसे बघता येतील. पुढे ‘खाच’ म्हणजे दोन दात्यांमधली पोकळी, ‘उतार’ म्हणजे धारेकडे निमुळती होत गेलेली घासलेली पट्टी आणि ‘कड’ म्हणजे घासताना धारेच्या पलीकडे उलटणारा धातूचा बारीक पदर.

१. दातेरी सुरीला धार लावताच येत नाही, बोथट झाली की टाकून द्यायची, असं दुकानात सांगतात. खरं आहे का?

अर्धंच खरं आहे. खाचा मोठ्या असतील, म्हणजे तोंडाशी साधारण ३ मिलिमीटरहून रुंद, तर घरी व्यवस्थित धार लावता येते. ब्रेडच्या बहुतेक सुऱ्या या गटात येतात. नखाने चाचपावे लागतील इतके बारीक दाते असलेल्या स्वस्त सुऱ्यांबाबत मात्र दुकानदाराचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. त्यांचं काय करता येतं ते प्रश्न १५ मध्ये आहे.

२. सुरी खरंच बोथट झाली आहे हे कसं ओळखायचं?

पिकलेल्या टोमॅटोवर सुरी नुसती ठेवा आणि दाब न देता एकदा पुढे ओढा. साल लगेच फाटली तर धार आहे. सुरी सालीवरून घसरली किंवा दाबल्याशिवाय शिरलीच नाही तर ती बोथट झाली आहे. लादीपाव किंवा ब्रेड कापताना भुगा जास्त पडायला लागला, स्लाइस एका बाजूने दबायला लागली, हीही तीच खूण.

खात्री करायची तर पातं धार वर करून दिव्याखाली धरा. धारदार टोकावरून प्रकाश परततच नाही. दात्यांच्या टोकांवर पांढरे चमकणारे ठिपके दिसले तर टोकं झिजून सपाट झाली आहेत. बहुतेक वेळा फक्त टोकंच झिजलेली असतात, कारण फळीवर आपटतात ती टोकं. खाचांमधली धार कशाला टेकत नाही, म्हणून ती बरीच टिकते. दातेरी सुरी साध्या सुरीपेक्षा जास्त वर्षं चालते, त्याचं कारण हेच.

३. दोन्ही बाजू घासायच्या की एकच?

एकच. हे चुकलं तर बाकी सगळं बरोबर करूनही उपयोग होत नाही.

पातं आडवं धरून दोन्ही बाजू नीट बघा. जवळजवळ सगळ्या दातेरी सुऱ्यांना एका बाजूला प्रत्येक खाचेत उतार घासलेला दिसेल आणि दुसरी बाजू धारेपर्यंत सरळ सपाट असेल. काम उताराच्या बाजूनेच करायचं. सपाट बाजू फक्त शेवटी कड काढण्यापुरती दगडाला टेकवायची, तीही पूर्ण आडवी ठेवून (प्रश्न ९). साध्या सुरीच्या सवयीने सपाट बाजूही तिरकी धरून घासली तर दात्याची टोकं मागच्या बाजूने गोल होतात. मग तो गोलवा जाईपर्यंत पुढून बराच धातू घासावा लागतो. दोन्ही बाजूंना उतार असलेली सुरी क्वचित मिळते, तिच्यासाठी प्रश्न १७ बघा.

४. कोणतं साधन घ्यावं?

एकच घ्यायचं तर निमुळती डायमंड रॉड घ्या. ही हिऱ्याचे बारीक कण बसवलेली शंकूसारखी दांडी असते, एका टोकाला साधारण २-३ मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला ६-८ मिलिमीटर जाड. निमुळती असल्यामुळे खाच लहान असो की मोठी, दांडीचा कुठला तरी भाग तिच्यात बरोबर बसतो. ६०० ग्रिटच्या आसपासची घ्या (ग्रिट म्हणजे खरखरीतपणाचा नंबर, तो जितका मोठा तितकी दांडी बारीक घासते). ३०० च्या खालची खरखरीत दांडी घरच्या कामाला फार जोरकस पडते, चार घासांत (घास म्हणजे घासण्याची एक ओढ) टोकाचा आकार बदलतो.

सिरॅमिकची गोल दांडी चांगली आहे, पण ती हळू घासते. फार बोथट न झालेल्या सुरीला ती पुरते. गोल कानसही चालते. करवतीच्या साखळीसाठी मिळणाऱ्या ४ मिलिमीटर आणि ४.८ मिलिमीटरच्या गोल कानशी हार्डवेअरच्या दुकानात मिळतात आणि स्वस्त असतात. घरगुती स्टेनलेस सुऱ्यांचं पोलाद कडकपणाच्या रॉकवेल मापावर साधारण ५२ ते ५८ असतं, कानस त्याहून कडक असते. पण ६० च्या वरच्या कडक पोलादाच्या सुरीवर कानस नुसती घसरते. तसं झालं तर जोर लावू नका, डायमंड वापरा.

छोट्या डायमंड कानशींचा संच मिळतो, त्यातली गोल आणि अर्धगोल कानस कामाची. त्रिकोणी कानस सुरीच्या गोल खाचेत कधीच घालू नका. तिचा कोपरा खाचेच्या तळाशी चीर पाडतो आणि पातं पुढे तिथूनच तडकतं.

५. दांडी किती जाड हवी?

खाचेच्या गोलाईएवढी किंवा त्याहून किंचित बारीक. दांडी खाचेत ठेवून उजेडाकडे धरा. खाचेच्या तळाशी फट दिसली तर दांडी जाड आहे. अशी दांडी तळाला न टेकता फक्त दात्यांचे खांदे घासते आणि दाते आखूड होत जातात. दांडी फारच बारीक असली तर खाचेच्या मधोमध नवीन लहान खाच तयार होते. दोन्हींतून निवडायचंच झालं तर थोडी बारीक बरी. तिला घासताना डावी-उजवीकडे किंचित फिरवून पूर्ण गोलाई घेता येते.

६. यातलं काहीच नाही. घरातल्या वस्तूंवर भागेल का?

भागतं, आणि बरंच चांगलं भागतं. रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानातून पाण्यात चालणारा काळा पॉलिश पेपर ४००, ६०० आणि १००० नंबरचा प्रत्येकी एक आणा. दांडी म्हणून ड्रिलच्या बिटाची मागची गुळगुळीत बाजू, लोकरीच्या विणकामाची जाड सुई किंवा लाकडी गोल काडी घ्या. कागदाची जाडी धरून दांडी खाचेपेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर बारीक असावी. कागदाची चार सेंटीमीटर रुंद पट्टी दांडीभोवती एकच वेढा घट्ट गुंडाळा आणि किनार फेव्हिकॉलने चिकटवा. दोन-तीन वेढे दिले तर कागद मऊ गादी होतो आणि धार गोल करतो.

कागद वापरताना दांडी फक्त पात्याच्या पाठीकडून धारेकडे ढकलायची. उलट ओढली की धार कागद कापून टाकते. दर पाच-सहा खाचांनंतर कागद थोडा फिरवून कोरा भाग पुढे घ्या.

७. प्रत्यक्ष कृती सांगा, अगदी पहिल्या पायरीपासून.

सुरी धुऊन पूर्ण कोरडी करा. लाकडी पाट किंवा जाड फळी टेबलाच्या कडेला ठेवा आणि तिच्यावर ओलं पिळलेलं फडकं पसरा, म्हणजे पातं सरकणार नाही. सुरी सपाट बाजू खाली आणि उताराची बाजू वर अशी ठेवा. पाठ तुमच्याकडे, धार तुमच्यापासून लांब. धार फळीच्या कडेबाहेर एक सेंटीमीटर येऊ द्या, म्हणजे दांडी फळीला अडणार नाही. शिकंजा असेल तर पात्यावर कापड ठेवून सुरी त्याने आवळून टाका. नसेल तर डाव्या हाताने मूठ आणि पाठ दाबून धरा. बोटं धारेपासून दोन सेंटीमीटर मागे.

आता सगळ्या उतारांवर जाड काळा मार्कर फिरवा. ही पायरी लोक गाळतात आणि मग ‘कोन बरोबर आहे का’ असं विचारत बसतात. मार्कर त्याचं उत्तर देतो.

मुठीकडच्या पहिल्या खाचेत दांडी ठेवा आणि उतारावर पूर्ण टेकेल इतकी खाली करा. हलक्या हाताने पाठीकडून धारेकडे ढकला, धार ओलांडून पुढे जाऊ द्या, उचला आणि पुन्हा मागून सुरू करा. दोन घासांनंतर थांबून बघा. काळा रंग उताराच्या पूर्ण रुंदीत गेला असेल तर कोन जमला. फक्त धारेजवळचा गेला असेल तर दांडी फार उभी आहे. फक्त मागचा गेला असेल तर फार आडवी.

कोन जमला की प्रत्येक खाचेत पाच ते आठ घास. सपाट बाजूला बोट पाठीकडून धारेच्या दिशेने अलगद फिरवा, धारेच्या बाजूने कधीच नाही. बारीक खरखर लागली की कड आली, म्हणजे त्या खाचेचं काम झालं. कड आल्यावर आणखी घासणं म्हणजे सुरी उगाच झिजवणं. आठ घासांनंतरही कड आली नाही तर आणखी चार मारा आणि तो आकडा लक्षात ठेवून प्रत्येक खाचेला तेवढेच द्या. एका खाचेला पाच आणि शेजारच्या खाचेला पंधरा घास बसले की मधला दाता एका अंगाने खचतो.

टोकांना वेगळं घासायचं नाही. दोन्ही बाजूंच्या खाचा धारेपर्यंत आल्या की मधलं टोक आपोआप तयार होतं. वीस सेंटीमीटरच्या ब्रेडच्या सुरीला साधारण ३०-४० खाचा असतात, तेव्हा घाई न करता अर्धा तास धरा. शेवटी कड काढायची (प्रश्न ९), साबणाने धुवायची, पुसायची. धातूची भुकटी फुंकर मारून उडवू नका, ओल्या कागदाने टिपून टाका. तीच फळी नंतर भाजीला वापरायची असेल तर ती घासून धुवा.

८. कोन नेमका किती अंशांचा?

कंपनीने जो दिला आहे तोच, म्हणजे मार्कर पूर्ण निघेल तो. बहुतेक सुऱ्यांमध्ये तो १५ ते २० अंशांच्या दरम्यान येतो. डोळ्याला अंदाज हवा असेल तर धारेपासून दांडीवर १० सेंटीमीटर मागे मोजा. तिथे दांडी पात्याच्या पातळीपासून अडीच सेंटीमीटर वर असेल तर कोन १५ अंशांच्या आसपास, साडेतीन सेंटीमीटर वर असेल तर २० च्या आसपास. जास्त तीक्ष्ण करायच्या नादात कोन कमी करू नका. दात्याची टोकं पातळ होतात आणि कडक पावाच्या कवचावरच वाकतात.

९. मागे आलेली कड कशी काढायची?

हजार नंबरचा पॉलिश पेपर काचेच्या तुकड्यावर किंवा गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर चिकटवा. सुरीची सपाट बाजू त्यावर पूर्ण आडवी ठेवा, पाठसुद्धा टेकलेली हवी, आणि मुठीकडून टोकाकडे एक-दोनदा हलकेच ओढा. एवढंच. पाठ एक मिलिमीटरही उचलू नका, का ते प्रश्न ३ मध्ये आहे. मूठ जाड असल्यामुळे पातं टेकत नसेल तर काच टेबलाच्या कडेला आणा आणि मूठ बाहेर लोंबती ठेवा.

नंतर जुन्या जीन्सच्या कापडावर दोन्ही बाजू दोन-तीनदा पुसल्यासारख्या ओढा, धार मागे ठेवून. कड गेली का ते कापसाने कळतं. कापसाचा बोळा सपाट बाजूवरून पाठीकडून धारेबाहेर ओढा. एकही तंतू अडकला नाही तर कड गेली.

१०. पाणी लावायचं की तेल?

डायमंड दांडीवर पाण्याचे दोन थेंब किंवा काहीच नाही. सिरॅमिक कोरडीच वापरा. ती काळी पडली की भांड्याच्या पावडरीने घासून धुवा. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून. कानस कायम कोरडी. तिच्यावर आधी पांढरा खडू घासला तर दात्यांत भुकटी अडकत नाही. खायचं तेल कशालाच लावू नका, ते वाळून चिकट होतं आणि दांडीचे कण बुजवतं.

११. किती दिवसांनी धार लावावी?

दिवस मोजू नका, प्रश्न २ मधली टोमॅटोची चाचणी घ्या. फक्त ब्रेड-केकसाठी वापरली जाणारी सुरी घरात दोन-तीन वर्षं सहज जाते. रोज टोमॅटो, काकडी, लिंबू कापणाऱ्या छोट्या सुरीला वर्षातून एकदा लागते. मध्ये धार थोडी उतरल्यासारखी वाटली तर पूर्ण कृती न करता सिरॅमिक दांडीचे प्रत्येक खाचेत दोन-दोन घास पुरतात.

१२. ओढून धार लावायचं यंत्र किंवा गोल स्टीलची दांडी चालेल का?

इंग्रजी व्ही आकाराच्या फटीतून सुरी ओढायची जी छोटी यंत्रं मिळतात, ती साध्या धारेसाठी आहेत. दातेरी सुरी त्यातून ओढली की कार्बाइडच्या पट्ट्यांना फक्त टोकं लागतात, तीही दोन्ही बाजूंनी. खाचेतली धार तशीच राहते आणि टोकं सपाट होतात. पहिल्या दिवशी सुरी थोडी बरी कापते, त्यामुळे लोक फसतात. पाच-सहा वेळा केलं की दात्यांची उंची निम्मी झालेली दिसते. ‘दातेरी सुरीसाठी’ असं लिहिलेली काही यंत्रं असतात. त्यात बारीक सिरॅमिकची चाकं किंवा लवचीक काड्या असतात, त्या टोकं उजळतात, खाचेचा तळ नाही. तात्पुरती सोय एवढाच त्यांचा हिशोब.

साधी सुरी ज्या स्टीलच्या दांडीवर फिरवतो, तिच्यावर दातेरी धार आडवी ओढली तर दाते टकटक आपटतात. दांडीचाही उपयोग होत नाही, दात्यांचाही.

१३. दारावर येणाऱ्या धारवाल्याला दिली तर?

सायकलच्या किंवा पायाने फिरवायच्या चाकावर विळी, कात्री, साधी सुरी उत्तम होते. दातेरी सुरीसाठी ते चाक रुंद पडतं. खाचेत शिरण्याऐवजी ते दात्यांची डोकी उडवतं. पातळ टोक चाकावर क्षणात तापतं, हा दुसरा धोका. टोकावर निळसर रंग दिसला तर तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलेलं असतं आणि तिथला कडकपणा उतरलेला असतो. ती जागा पुढे लवकर बोथट होत राहते. धारवाल्याकडे खाचेच्या गोलाईएवढं बारीक चाक असेल तरच द्या, आणि देताना ‘फक्त उताराची बाजू’ हे सांगून द्या. विळीसाठी मात्र त्यालाच बोलवा.

१४. पाट्याच्या दगडावर, कपाच्या बुडावर किंवा ॲल्युमिनियम फॉइल कापून धार येते असं ऐकलं. खरं काय?

पाटा, पायरीचा दगड किंवा सपाट निसणा यांवर दातेरी धार घासली तर प्रश्न १२ मधलंच नुकसान होतं, फक्त जास्त वेगाने. चिनीमातीच्या कपाच्या बुडाची चकाकी नसलेली खरखरीत किनार मात्र खरंच बारीक घासते. ती सपाट बाजूची कड काढायला वापरता येते, प्रश्न ९ मधल्या कागदाऐवजी, हात तितकाच आडवा ठेवून. फॉइल कापल्याने लटकणारी कड कदाचित तुटते, म्हणून क्षणभर फरक वाटतो. धार त्याने येत नाही, कारण पोलादाला घासायला पोलादाहून कडक काहीतरी लागतं आणि ॲल्युमिनियम मऊ आहे.

१५. माझ्या सुरीचे दाते इतके बारीक आहेत की कोणतीच दांडी बसत नाही.

टोमॅटोच्या आणि जेवणाच्या टेबलावरच्या बऱ्याच सुऱ्या अशाच असतात. इथे एकेका दात्याला धार लावणं विसरा. दात्यांच्या रेघा पात्याच्या एकाच अंगावर कोरलेल्या असतील तर उलटी, गुळगुळीत बाजू हजार नंबरच्या कागदावर पूर्ण आडवी ठेवून आठ-दहा वेळा ओढा. रेघा जिथे गुळगुळीत बाजूला भेटतात तिथे नवी धार उघडते. एवढ्याने सुरी पुन्हा टोमॅटो कापायला लागते, पण हे दोन-तीनदाच जमतं.

नाही जमलं तर नवीन घ्या. शंभर-दीडशे रुपयांच्या सुरीसाठी त्याहून महागडी दांडी आणून तासभर घालवण्यात अर्थ नाही. व्हिक्टोरिनॉक्सच्या ११ सेंटीमीटरच्या टोमॅटो सुरीसारखे लाटेसारखे दाते असतील तर बारीक सिरॅमिक दांडी खाचांमध्ये बसते. तिला प्रश्न ७ ची कृती लागू पडते, घास मात्र तीन-चारच.

१६. माझ्या ब्रेडच्या सुरीला टोकदार दाते नाहीत, बाहेर फुगलेल्या गोल लाटा आहेत. दांडी कुठे घालू?

ही उलट रचना. इथे कापणारा भाग बाहेर फुगलेली गोलाई आहे आणि दोन लाटांच्या मध्ये अरुंद कोपरा. दांडी त्या कोपऱ्यात घालून घासली तर कोपरे खोल होतात आणि लाटा तशाच बोथट राहतात. इथे गोल नाही, सपाट साधन लागतं. आइस्क्रीमच्या लाकडी काडीवर ६०० नंबरचा कागद चिकटवा किंवा अरुंद सपाट डायमंड कानस घ्या. प्रत्येक लाटेच्या गोलाईबरोबर मनगट वळवत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत घासा. मार्कर, कोन आणि कड यांचे नियम तेच.

१७. दोन्ही बाजूंना उतार दिसतो. मग?

प्रत्येक खाच दोन्ही बाजूंनी घासायची, घास निम्मे-निम्मे. आधी एका बाजूने सगळ्या खाचा, मग पातं उलटून दुसऱ्या बाजूने. सपाट बाजूच नसल्यामुळे प्रश्न ९ मधलं आडवं घासणं इथे करायचं नाही. कड काढायला त्याच दांडीचा दोन्हीकडून एकेक अगदी हलका घास आणि शेवटी जीन्सचं कापड. मात्र आधी खात्री करा. एका बाजूला खरा उतार आणि दुसऱ्या बाजूला नुसती चकाकीची रेघ असेल तर ती आधीच्या कुणीतरी चुकीची घासलेली एकबाजूची सुरी असते.

१८. धार लावल्यावर सुरी आधीपेक्षा वाईट कापते किंवा स्लाइस तिरकी जाते. काय बिघडलं?

सर्वांत जास्त वेळा कड राहिलेली असते. सुरी पहिल्या दोन स्लाइस छान कापते आणि मग अडखळते. अशा वेळी प्रश्न ९ पुन्हा करा. सुरी सालीवरून घसरत असेल तर कोन फार उभा झाला आहे किंवा घास धारेपर्यंत पोचलेच नाहीत. मार्कर लावून पुन्हा बघा.

स्लाइस तिरकी जाणं थोडंफार स्वाभाविक आहे. एका बाजूला उतार असलेलं पातं कापताना सपाट बाजूकडे सरकतं. उतार उजव्या बाजूला असेल तर काप डावीकडे जातो. उजव्या हाताच्या सवयीत हे लपून जातं, डावखुऱ्यांना जाणवतं. धार लावल्यावर तिरकेपणा अचानक वाढला असेल तर कड राहिली आहे किंवा खाचा कमी-जास्त घासल्या गेल्या आहेत. दुसऱ्या बाजूलाही थोडं घासून ‘समतोल’ साधायचा मोह टाळा.

१९. एक दाता तुटला आहे, एक वाकला आहे.

तुटलेल्या दात्याच्या उंचीला बाकीचे आणायला जाऊ नका. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा नेहमीसारख्या घासा. तिथे बुटकं टोक तयार होईल, कापताना जाणवणारही नाही. वाकलेलं टोक पक्कडीने सरळ केलं तर बहुधा तुटतं. सपाट बाजूकडे वाकलं असेल तर प्रश्न ९ मधल्या कागदावर ते घासलं जाऊन बसतं, उताराकडे वाकलं असेल तर दांडीनेच जाईल. तुटलेल्या जागेतून पात्याच्या अंगात बारीक तडा गेलेला दिसला तर मात्र ती सुरी वापरातून काढा.

२०. दाते घासून टाकून साधी सुरी करता येईल का?

बारीक दात्यांची असेल तर हो. २२० च्या आसपासच्या खरखरीत दगडावर पंधरा-वीस मिनिटांत दाते जातात, मग १००० च्या दगडावर नेहमीची धार. ब्रेडच्या सुरीचे दाते दोन-तीन मिलिमीटर खोल असतात. तेवढी रुंदी हाताने घासायला तास-दोन तास लागतात आणि शेवटी धार पात्याच्या जाड भागात येऊन बसते, म्हणून सुरी पाचरीसारखी अडकते. त्यापेक्षा नवीन साधी सुरी घेणं शहाणपणाचं.

२१. खिशातल्या चाकूचं पातं अर्धं साधं, अर्धं दातेरी आहे. आधी काय करायचं?

आधी दातेरी भाग दांडीने, मग साधा भाग दगडावर. दगडाच्या कडेवर मार्करने खूण करून ठेवा, म्हणजे साध्या भागाला घासताना शेवटचा दाता दगडावर चढत नाही. जिथे दोन्ही भाग भेटतात तो कोपरा सतत वर राहतो आणि कालांतराने तिथे पायरी तयार होते. तिथे बारीक कानशीचे दोन घास जास्त द्या.

२२. सिरॅमिकची पांढरी सुरी आणि विजेवर चालणारी दातेरी सुरी?

पांढऱ्या सुऱ्या झिर्कोनियाच्या असतात. कानशीने त्यांना काहीच होत नाही, घासायला डायमंड लागतो. पण दातेरी सिरॅमिक पातं घरी घासताना दाता उडण्याचीच शक्यता जास्त, म्हणून नकोच. विजेच्या सुरीत दोन पाती एकमेकांना घासत पुढे-मागे चालतात. त्यांच्या आतल्या, एकमेकांना टेकणाऱ्या बाजूंना हात लावला तर फट पडते आणि ब्रेड कापण्याऐवजी फाटतो. पात्यांची जोडी बदलून मिळत असेल तर तीच आणा.

२३. भातकापणीच्या दातेरी विळ्याला हीच पद्धत का?

नाही, बरोबर उलटी. ‘वैभव’सारख्या विळ्यांना पात्याच्या एका अंगावर तिरक्या बारीक रेघा असतात आणि दुसरं अंग गुळगुळीत असतं. रेघांच्या बाजूला कानस लावली तर रेघा उथळ होतात आणि दोन हंगामांत विळा साधा होऊन बसतो. धार लावायची ती गुळगुळीत बाजूने. सपाट कानस किंवा निसणा पात्याला जवळजवळ टेकवून, मुठीकडून टोकाकडे, धारेच्या वळणाबरोबर. तत्त्व प्रश्न १५ मधलंच, गुळगुळीत अंग झिजलं की रेघांची टोकं पुन्हा वर येतात. पात्यावर वाळलेला चिखल आणि पेंढ्याचा चीक आधी धुऊन काढा, नाहीतर कानस बुजते. हंगाम संपल्यावर तेलाचा हात देऊन ठेवा, कारण हे पोलाद गंजतं.

२४. विळीच्या टोकाची नारळाची खवणी बोथट झाली आहे. तिला काय करावं?

खवणीचे दाते कापत नाहीत, खरवडतात, म्हणून त्यांना सुरीइतकी बारीक धार नकोच. खोबरं किसासारखं न पडता गोळे होऊन निघायला लागलं की वेळ झाली. इथे त्रिकोणी कानस चालते, कारण खवणीच्या दात्यांमधल्या फटी मुळातच टोकदार असतात. फट गोल असेल तर मात्र गोलच घ्या. विळी आडवी करून पाय घट्ट दाबून धरा. पात्याच्या धारेवर जाड फडकं गुंडाळून सुतळीने बांधा, कारण घासताना हात घसरला तर तो थेट तिच्यावरच जातो. प्रत्येक फटीत आतून बाहेर दोन-तीन घास, कानस फक्त पुढे जाताना दाबायची, मागे आणताना उचलायची. सगळ्या दात्यांची टोकं एका गोलाईत राहिली पाहिजेत. एखादा दाता पुढे राहिला तर तो करवंटी ओरबाडतो आणि खोबऱ्यात तपकिरी कीस येतो. नंतर टोकांवरून ६०० नंबरचा कागद एकदाच अलगद फिरवा. दाते इतके झिजले असतील की फटीच उरल्या नाहीत, तर कानशीने ते काम होत नाही. लोहाराकडून नवीन दाते पाडून घ्यावे लागतात.

२५. नवीन दातेरी सुरी घेताना काय बघू, म्हणजे पुढे धार लावता येईल?

खाचा तोंडाशी ४-५ मिलिमीटर रुंद आणि तळाशी गोल, उतार एकाच बाजूला आणि स्पष्ट दिसणारा, पाठीकडे पात्याची जाडी दीड ते दोन मिलिमीटर. ‘कधीच धार लावावी लागत नाही’ असं खोक्यावर लिहिलं असेल तर ते ‘लावता येत नाही’ असंच वाचा. घरी आणल्यावर ती लाकडी किंवा प्लास्टिकच्या फळीवरच वापरा. स्टीलच्या ताटात किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर चार दिवसांत टोकं जातात. टोमॅटो, लिंबू, कोकम कापल्यावर सुरी लगेच धुवा, कारण खाचांच्या तळाशी आंबट रस राहिला की स्टेनलेसवरसुद्धा बारीक डाग पडतात. ठेवताना जुन्या पुठ्ठ्याचं म्यान करा, चमच्यांच्या खणात सुटी टाकू नका.